थाळनेरचे घुमट

खानदेशचा इतिहास निघाला कीं बोलणारा बहुधा बऱ्हाणपूर व अशीरगड यांकडे धांव घेतो. परंतु त्या राज्याचें मूळ धुळें जिल्ह्यांत, शिरपूर तालुक्यांतील थाळनेर गांवीं, तापीच्या कांठीं आहे. १३७० सालीं फिरोजशहा तुघलकानें थाळनेर व करवंद हा मुलूख मलिक राजा याजकडे सोंपविला. तोच फारुकी घराण्याचा मूळ पुरुष. १३९९ सालीं तो वारला व थाळनेरासच त्यास मूठमाती मिळाली.

त्याच्या मागें दोघां पुत्रांत वांटणी झाली. थोरल्या नासीरखानाकडे लळिंग आलें, धाकट्याकडे थाळनेर. १४१७ सालीं नासीरखानानें माळव्याच्या मदतीनें थाळनेरही घेतलें. दरबार बऱ्हाणपुरास गेला. तरी १४३७ सालीं वारलेला नासीरखान, १४४१ सालीं त्याचा पुत्र मीरान आदिलखान व १४५७ सालीं नातू मुबारकखान यांच्या कबरी थाळनेरासच झाल्या. राजधानी हलली, पण पूर्वजांची माती सुटली नाहीं. १६०१ सालीं अकबरानें अशीरगड घेऊन तें राज्य बुडविलें. सव्वादोनशें वर्षांच्या त्या राज्याचा पहिला अध्याय या घुमटांखालीं आहे. म्हणून ते जपले पाहिजेत.

आतां प्रश्न डागडुजीचा. चुना ओल शोषतो व बाहेर सोडतो. सिमेंट ती आंत कोंडतें आणि मूळचें काम फुटूं लागतें. दिल्लीस हुमायूनच्या कबरीवरील काँक्रीटचा थर उतरवून पुन्हा चुन्याचें काम केलें. तें २०१३ सालीं पुरें झालें. इजिप्तमध्यें तुतांखामेनच्या कबरींत तर पाहणाऱ्यांच्या श्वासाचा दमटपणा व पायांची धूळच भिंतींस बाधक ठरली. २०१९ सालीं पुरें झालेल्या कामांत तेथें हवा खेळती ठेवण्याची नवी व्यवस्था करावी लागली. म्हणजे दुरुस्ती होऊन दार उघडलें कीं काम संपत नाहीं. पाहणाऱ्याची जबाबदारी तेथूनच सुरू होते.

केंद्रसंरक्षित वास्तूभोंवतीं १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम कायद्यानें वर्ज्य आहे. परंतु खिळ्यानें भिंतीवर नांव कोरणारा हात कायद्यास वेळेवर सांपडत नाहीं. त्यास घरचेंच वळण हवें. मुलांना घेऊन बऱ्हाणपुरास जाणाऱ्यांनीं एकदां थाळनेरची वाट धरावी, कोण कोणाचा पुत्र व कोण कोणाचा नातू हें तेथें उभें राहून सांगावें, आणि आवाज जरा खालीं ठेवावा. राजा कोणत्याही धर्माचा असो, मेलेल्याचा मान राखणें ही आपली जुनी रीत आहे.