वऱ्हाडचा कापूस आणि रेल्वेचा हमाल

रेल्वेच्या हमालाची कुळकथा सांगायची तर सुरुवात कापसापासून करावी लागते, आणि कापूस म्हटला की वऱ्हाड आलंच.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथल्या दक्षिणेत गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांचं लक्ष आपल्या काळ्या जमिनीवर गेलं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. नंतर खामगावला जलंबहून आणि अमरावतीला बडनेऱ्याहून फाटे निघाले, तेही कापसासाठीच. अकोट मात्र कापसाची मोठी पेठ असूनही रेल्वेविना राहिलं. इथला माल बंड्यांत भरून अकोल्याला न्यायचा, तिथं हमालांनी पाठीवर घेऊन वाघिणीत चढवायचा, असा क्रम कित्येक वर्षं चालला. अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटर गेज आली तीसुद्धा स्वातंत्र्यानंतर.

रेल्वे नागपूरला पोचली त्याच १८६७ साली तिकडे अमेरिकेत शिकागोत जॉर्ज पुलमनने झोपण्याच्या डब्यांची कंपनी काढली. बिछाने घालायला, बूट पुसायला, सामान चढवायला त्याने मुद्दाम नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष नेमले. हे लोक अदबीने वागतील आणि थोडक्यात भागवतील, असा त्याचा हिशेब होता. गोरे प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याची जुनी रीत गाडीत तशीच चालू राहिली. महिन्याला ४०० तास किंवा ११ हजार मैल भरल्याशिवाय पुरा पगार नाही, आणि पगारावर घर चालत नसल्याने बक्षिशीसाठी हसतमुख राहणं भाग.

आपण तरी हमालाला नाव कुठं विचारतो? १९८३ च्या ‘कुली’मधल्या अमिताभचा ७८६ नंबरचा बिल्ला सगळ्यांच्या लक्षात आहे, पण आपली बॅग ज्याने उचलली त्याचा नंबर गाडी सुटेपर्यंतही ध्यानात राहत नाही.

पुलमनच्या अमेरिकेत हमाली कृष्णवर्णीयांच्या गळ्यात मारली गेली. आपल्याकडे अस्पृश्यांना तीही मिळेना. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं त्यांनी सांगितलं ते याच परिषदेत. त्याच भाषणात त्यांनी पोर्टरचा दाखला दिला. स्टेशनवरचा पोर्टर हा पगारी नोकर, पण स्टेशनमास्तर त्याच्याकडून घरचीही कामं करून घ्यायचा. मास्तर सवर्ण, तेव्हा घरात वावरणारा पोर्टर अस्पृश्य कसा चालेल? म्हणून अस्पृश्याने जन्मभर गँगमन राहायचं आणि उन्हातान्हात रूळ सांभाळायचे. माझ्या मते रेल्वेतल्या जातीचा इतका नेमका हिशेब दुसऱ्या कुणी मांडलेला नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्येच ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं होतं. अमेरिकेतली गुलामी आणि आपली जात यांची तुलना या मातीला नवी नव्हती.

मनमाडच्या परिषदेच्या सहा महिने आधी, ऑगस्ट १९३७ मध्ये, अमेरिकेतल्या पोर्टरांनी पुलमन कंपनीला करारावर सही करायला लावली होती. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये त्यांची संघटना उभी केली होती. हे पोर्टर दक्षिणेतल्या गावोगावी कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं गुपचूप पोचवायचे. १९५५ मध्ये माँटगोमेरीच्या वर्णभेद पाळणाऱ्या बसवर बहिष्कार घालण्यात पुढाकार घेणारे ई. डी. निक्सन हेही पुलमन पोर्टरच. सामान उचलणाऱ्यांतून एका चळवळीचे कार्यकर्ते घडले, ते संघटनेमुळे.

महाराष्ट्रातही ते घडलं, पण ते बाजारात आणि गोदामांत. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटलांची माथाडी चळवळ, आणि १९६९ चा माथाडी कायदा. फलाटावरचा लाल सदऱ्यातला हमाल मात्र परवानाधारक राहिला. रेल्वे त्याला बिल्ला देते, दर ठरवून देते, पगार देत नाही. २००८ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी रेल्वे अर्थसंकल्पात या हमालांना गँगमन म्हणून कायम नोकरी देऊ केली, आणि हजारोंनी ती आनंदाने घेतली. ज्या कामात बाबासाहेबांना जातीचा तुरुंग दिसला होता, तेच काम सत्तर वर्षांनी हमालाला बढतीसारखं वाटावं! दोष गँगमनच्या कामाचा नव्हे, हमालीत कसलाच आधार नसण्याचा आहे.

जे मागे राहिले त्यांना २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात ‘सहायक’ हे नवं नाव मिळालं. दरम्यान बॅगांना चाकं आली आणि स्टेशनांवर सरकते जिने लागले. अकोटची मीटर गेज २०१७ च्या आरंभी बंद पडली आणि २०२२ मध्ये अकोल्यापर्यंत ब्रॉडगेज गाडी धावू लागली. पुलमनच्या पोर्टरांना संघटना काढल्यापासून करार मिळायला बारा वर्षं लागली. आपला परवानाधारक हमाल अजूनही रेल्वेच्या पगारपत्रकावर नाही.