वारुळावरची अळंबी

पावसाळ्यात कोकणातल्या वारुळांवर उगवणारी टर्मिटोमायसिस गटातली अळंबी ही वाळवीने वारुळात पाळलेली बुरशी. पालापाचोळा पचवायला वाळवी तिचीच मदत घेते. या जोडीमुळे तिची व्यापारी शेती अजून जमलेली नाही. शिवाय खुडल्यावर ती फार टिकत नाही. गोव्यात तिला मोठा भाव मिळतो आणि जंगलातून ती ओरबाडली जाते. वारूळ फोडले की पुढच्या वर्षीचे पीकच जाते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत निवडक वनस्पती आहेत, बुरशी एकही नाही. ही उणीव गंभीर आहे. खुडणाऱ्यांनी निदान वारूळ शाबूत ठेवावे आणि काही छत्र्या उमलू द्याव्यात.