डोक्यातला फुटव्हॉल्व्ह

शिरूरला आमच्या विहिरीत मोटरच्या पाइपाच्या तळाशी एक फुटव्हॉल्व्ह आहे. पाणी वर जाऊ द्यायचं, परत खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. त्यात पाचोळा अडकला की मोटर नुसती गरगरते. मग वडील मला दोरानं विहिरीत उतरवायचे.

माझा भाचा चार महिन्यांचा असताना पुण्याच्या एका डॉक्टरांनी कागदावर त्याच्या शस्त्रक्रियेचं चित्र काढलं, तेव्हा मला तो फुटव्हॉल्व्हच आठवला. ताई दौंड तालुक्यात दिली आहे. बाळाचं डोकं वाढत होतं, टाळू फुगली होती, डोळे खाली ओढल्यासारखे दिसत होते. ताईच्या सासूबाईंनी दोनदा दृष्ट काढून झाली होती. निदान ‘हायड्रोसेफॅलस’ निघालं, म्हणजे गावाच्या भाषेत मेंदूत पाणी. घरात इंजिनिअर मी एकटाच, तोही सॉफ्टवेअरचा, त्यामुळे सगळं समजून घेण्याचं काम माझ्याकडे आलं.

पाणी सगळ्यांच्याच मेंदूत असतं. मोठ्या माणसात ते दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतं, पण एका वेळी साठा असतो जेमतेम १५० मिलीलीटर. बाकीचं रक्तात शोषलं जातं. वाट अडली की दाब वाढतो. कवटी हा बंद डबा आहे, त्यात एक गोष्ट वाढली की दुसरीला जागा सोडावी लागते, हे अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्येच मांडलं होतं. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, म्हणून डबाच मोठा होत जातो.

नळी घालून पाणी दुसरीकडे वळवायचं, ही कल्पना जुनीच. अडचण होती ती व्हॉल्व्हची. १९४९ मध्ये अमेरिकेत फ्रँक नल्सन आणि युजीन स्पिट्झ यांनी एकाच दिशेनं उघडणारा, आत गोळी असलेला व्हॉल्व्ह वापरून पाहिला. पुढे स्पिट्झ यांच्याकडे केसी नावाचं बाळ आलं. त्याचा बाप जॉन होल्टर कुलपं बनवणाऱ्या कारखान्यात तंत्रज्ञ होता. रबरी नळीला सुईनं पाडलेलं भोक सुई काढल्यावर आपोआप मिटतं, हे त्यानं पाहिलं आणि त्यावरून चिरेचा व्हॉल्व्ह बनवला. त्यासाठी सिलिकॉन कामी आलं. १९५६ मध्ये तो व्हॉल्व्ह पहिल्यांदा बसवला गेला, पण दुसऱ्याच एका मुलाला. केसी लहानपणीच गेला. होल्टर मात्र पुढे व्हॉल्व्हच बनवत राहिला.

चार वर्षांनी, डिसेंबर १९६० मध्ये, न्यूयॉर्कमध्ये एका टॅक्सीनं बाबागाडीला धडक दिली. आत चार महिन्यांचा थिओ होता, लेखक रोआल्ड डाल यांचा मुलगा. त्याला बसवलेली नळी पुन्हा पुन्हा तुंबायची. डाल यांनी खेळण्यातल्या विमानांसाठी इवले पंप बनवणारे स्टॅन्ली वेड आणि लंडनचे न्यूरोसर्जन केनेथ टिल यांना एकत्र आणलं. १९६२ पर्यंत त्यांचा व्हॉल्व्ह तयार झाला. तोवर थिओला त्याची गरज उरली नव्हती. इतर हजारो मुलांना तो बसवला गेला आणि तिघांनीही त्यावर नफा घेतला नाही.

आता ऑपरेशन टेबलाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. (बाहेर बाकड्यावर बसलेल्याला ती गंमत वाटत नाही.) कवटीला छोटं भोक पाडून नळी मेंदूतल्या पोकळीत गेली की पाणी येतं. सर्जन नळी उभी धरून पाणी किती सेंटिमीटर चढतं ते बघू शकतात. तेवढाच तो दाब, विहिरीत पट्टी सोडून पाणी मोजावं तसा. पण तो आकडा त्या क्षणापुरताच असतो. भूल कशी आहे, रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साठलाय, डोकं किती उंच ठेवलंय, बाळ खोकलं का, यावर तो हलतो. आणि पाणी भसकन सोडायचं नसतं. फुगलेला मेंदू एकदम आक्रसला तर पृष्ठभागावरच्या शिरा ताणून तुटतात, रक्त साकळतं.

पुढे नळी कातडीखालून पोटात नेतात. मूल उभं राहायला लागलं की डोकं वर आणि पोट खाली, म्हणजे सरळ सायफन. दौंडमध्ये कॅनॉलवर पाइप टाकून शेत भिजवणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. तो सायफन तोडायला नवनवे महागडे व्हॉल्व्ह आले. १९९८ मध्ये ३४४ मुलांवर तीन प्रकारच्या व्हॉल्व्हची चाचणी प्रसिद्ध झाली. तिन्ही जवळजवळ सारखेच निघाले आणि पहिल्या वर्षात साधारण ४० टक्के बिघडले. माझ्या धंद्यात वर्षात इतकं बिघडणारं काही विकलं तर ग्राहक दारात उभा करणार नाही. इथे मात्र दुसरा पर्याय सगळ्यांनाच लागू पडत नाही.

आपल्याकडचा छाब्रा शंट उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला बनतो. युगांडात १९५ मुलांमध्ये त्याची तुलना एका नामांकित परदेशी शंटशी केली गेली. एकाची किंमत सुमारे ३५ डॉलर, दुसऱ्याची ६५०. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा वर्षभरानंतरच्या परिणामांत फरक दिसला नाही. भाच्याच्या बिलावर शंटची किंमत वाचून मला अपराधी वाटलं होतं, आपण स्वस्तातलं घेतलं म्हणून. ते वाटणं हा अभ्यास वाचल्यावर गेलं.

त्याचाही शंट अकराव्या महिन्यात तुंबला. उलट्या होत होत्या. जवळच्या एका दवाखान्यात तीन दिवस पोटाचं औषध दिलं. चौथ्या दिवशी तो जागाच होईना. मी शिरूरहून न्हावरे, पारगाव, चौफुला अशी गाडी काढली आणि ताईला घेऊन पुणे गाठलं. नळीच्या आतल्या टोकात मेंदूतलाच पेशीजाल अडकला होता.

“दाब किती होता?” मी नंतर विचारलं.

“अठ्ठावीस सेंटिमीटर,” डॉक्टर म्हणाले. “पण तुम्ही आकड्याची वाट बघू नका. उलटी, सुस्ती, टाळू. यातलं काहीही दिसलं की निघायचं.”

ताईनं ते तीन शब्द कार्डावर लिहिले, खाली शंटचं नाव आणि तारीख. एक कार्ड तिच्या पर्समध्ये आहे, एक अंगणवाडीच्या बाईंकडे. टाळू भरली तेव्हा तिनं तो शब्द खोडून ‘डोकेदुखी’ लिहिलं.