ताटी भिजवणारा हात

होळी झाली की नागपुरात कूलरच्या दुकानांपुढे तारेच्या जाळ्यांची थप्पी लागते. दुकानातला पोऱ्या लाकडाच्या बारीक, कुरळ्या तंतूंचा गठ्ठा उकलतो. आम्ही त्याला नुसतं ‘गवत’ म्हणतो. ते जाळीवर पसरायचं, तळहाताने दाबायचं, विरळ दिसेल तिथे आणखी मूठभर घालायचं, वरून दुसरी जाळी ठेवून काठ वळवायचे. गिऱ्हाईक त्याच्याकडे पॅड मागत नाही. ‘तीन ताट्या द्या’ म्हणतं.

हा शब्द मला फार जपून ठेवावासा वाटतो. ताटी म्हणजे कामट्यांचं, कुडाचं दार. ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले आणि ती उघडा म्हणून मुक्ताबाईंनी त्यांना विनवलं, ते अभंगच ताटीचे म्हणून ओळखले जातात. हे दार वाळ्याच्या मुळांनी विणलं आणि त्यावर पाणी मारलं, की उन्हाळ्याला अडवता येतं हे इथल्या माणसांना फार पूर्वीच कळलं होतं. अबुल फजलच्या ‘आइने-अकबरी’त खसखान्याचा, म्हणजे वाळ्याने मढवलेल्या खोलीचा उल्लेख आहे. पुढे तीच ताटी इंग्रजांच्या बंगल्यांच्या दारांना लागली. बाहेर लू वाहायची, ओल्या मुळांतून आत येताना गार आणि सुगंधी व्हायची. पण ताटी सतत ओली लागायची, म्हणून बाहेर उन्हात कुणीतरी पाणी घेऊन उभा असायचा. आतल्या गारव्याची किंमत तो मोजत असे.

वारा पडला की ताटीचा उपयोग संपे. त्यावर १८३०च्या दशकात थर्मँटिडोट नावाचं अवाढव्य पेटारं निघालं. अलाहाबादेत राहिलेल्या फॅनी पार्क्स यांनी त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. धान्य उफणायच्या यंत्रासारखी आत फिरणारी पाती, बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, आणि तोंड खिडकीतून खोलीत. आजच्या कूलरचा सगळा सांगाडा यात आहे. फक्त पाती फिरवायला माणूस आणि ताट्या भिजवायला दुसरा माणूस.

नागपुरात दमट हवेची गरज माणसांआधी सुताला भासली होती. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला सुरू झाली. विदर्भातला कापूस हाताशी होता, पण कोरड्या हवेत धागा तुटतो. हवेत ओलावा सोडणारी यंत्रं या गिरणीने देशात फार लवकर बसवली. धाग्यासाठी झालेला हा खर्च कामगाराच्या घरापर्यंत यायला पुढे कितीतरी उन्हाळे जावे लागले.

घरात येणारा कूलर मात्र दुसऱ्याच वाळवंटात घडला. अमेरिकेच्या ॲरिझोनात लोक उन्हाळ्यात पडवीत ओल्या चादरी टांगून झोपत. १९३०च्या दशकात तिथे चादरीच्या जागी लाकडी तंतूंच्या गाद्या आल्या, मागे विजेचा पंखा आणि खाली पाणी चढवणारा छोटा पंप. थर्मँटिडोटच्या दोन्ही माणसांची कामं विजेने घेतली. ॲस्पेन झाडाचं लाकूड त्यासाठी नावाजलं गेलं. हीच यंत्रं १९३९पासून बनवणारी इम्पको ही कंपनी २००९मध्ये अहमदाबादच्या सिंफनीने विकत घेतली. ओल्या ताटीच्या मुलखाकडेच ती आली, याचा मला मनापासून आनंद होतो.

कूलरमागचं शास्त्र साधं आहे. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. मे महिन्यात विदर्भाची हवा इतकी कोरडी असते, की ४२ अंशांची हवा चांगल्या भिजलेल्या ताट्यांतून २७-२८ अंशांवर येऊ शकते. पण आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. कूलर लावून दारं-खिडक्या बंद करणारी माणसं अजून भेटतात. तासाभरात खोलीत चिपचिप होते आणि दोष कूलरला दिला जातो.

खर्चाचं म्हणाल तर, घरगुती कूलर साधारण २०० वॉट घेतो. दहा तासांचे दोन युनिट, महिन्याचे साठ. दीड टनाचा एसी त्याच दहा तासांत सहज दहा युनिट खातो, म्हणजे महिन्याचे तीनशे. आपल्याकडे १०० आणि ३०० युनिटांच्या पायऱ्या ओलांडल्या की दर चढतात, त्यामुळे बिलातला फरक पाचपटीवर थांबत नाही. पगारातून घर चालवणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असतो.

बिलात न दिसणारा खर्च पाण्याचा आणि हाताचा. मोठा कूलर दिवसाला शंभर-सव्वाशे लिटर पाणी पितो. आमच्या घरी लहानपणी हे पाणी आई बादलीने भरायची. दुपारी चारला, नळाला धार नसताना, हौदातून खिडकीपर्यंत दहा-बारा खेपा. आम्ही आत गार हवेत पडलेलो असायचो. बंगल्याबाहेर उभा राहणारा तो पाणी मारणारा माणूस गेला असं आपण समजतो. आमच्या घरात तो आईच्या रूपाने होता, आणि हे मला खूप उशिरा उमगलं.

धूळ आणि क्षार हे या यंत्राचे खरे शत्रू. ओली ताटी हवेतली सगळी धूळ धरते. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांच्या ताट्यांवर राखही बसते. पाणी उडून जातं, क्षार मात्र मागे राहतात. बोअरच्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार धरले, तर १२० लिटरांमागे रोज ६० ग्रॅम, शंभर दिवसांत सहा किलो. ते कुठे जाणार? गवतावर पांढरी पुटं चढतात, पंपाची जाळी चोंदते, अर्धी ताटी कोरडी राहते आणि त्या कोरड्या भागातून गरम, धुळकट हवा थेट आत येते. हनीकोंब नावाच्या कागदी ताट्या गवतापेक्षा बऱ्याच जास्त टिकतात, पण क्षारांपुढे त्याही दगडासारख्या होतात.

म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची. साचलेला क्षार जातो आणि डेंग्यूचा एडिस डासही. त्याची अंडी टाकीच्या काठाला, पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, तेव्हा नुसतं पाणी बदलून भागत नाही, काठ घासावा लागतो. त्याआधी बटण बंद करून भागत नाही, पिन काढायचीच. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि नसलेलं अर्थिंग यांनी विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. त्यांत मुलं असतात, हे विसरता येत नाही. अर्थिंग तपासायला आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवायला लागणारा पैसा हा कूलरच्या किमतीतच धरायला हवा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो. हवेत ओल भरली की ताटीतून पाणी उडेनासं होतं आणि यंत्र नुसतं दमट वारा फेकत राहतं. त्या सुमारास एका सकाळी मी पिन काढतो, टाकीचं बूच उघडतो, तळातला लाल-करडा गाळ हाताने ओढून घेतो. ताट्या उन्हात झटकल्या की जुन्या गवताचा आंबूस वास येतो. टाकी दोन दिवस वाळू द्यायची, गंज खरवडायचा, आतून डांबराचा हात मारायचा. पंप कापडात गुंडाळून माळ्यावर. बाजूच्या नळीत अजून घोटभर पाणी असतं, ते फुंकून काढायचं.