मॉरिस मायनर : ऐनवेळी चार इंचांनी रुंदावलेली गाडी

ब्रिटनमधील लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथे ऑक्टोबर १९४८ मध्ये भरलेल्या मोटार प्रदर्शनात मॉरिस मायनर ही छोटी सलून गाडी प्रथम लोकांसमोर आली. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ही पहिली ब्रिटिश मोटार. तिच्या बॉनेटवर मधोमध एक सपाट, किंचित उंच पट्टी दिसते. पाहणाऱ्यास ती शोभेसाठी दिली असावी असे वाटते. प्रत्यक्षात तो गाडीच्या नमुन्यावर झालेल्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे.

या गाडीचे मूळ नाव 'मॉस्किटो'. दुसरे महायुद्ध चालू असतानाच ऑक्सफर्डजवळील काउली येथील मॉरिस कारखान्यात तिचे काम सुरू झाले. कारखाना युद्धसाहित्याच्या उत्पादनात गुंतलेला होता. तरीही युद्धानंतरच्या बाजारपेठेकडे पाहून उपाध्यक्ष माइल्स थॉमस यांनी या कामाला पाठबळ दिले. आराखडा अलेक इसिगोनिस यांचा होता. १९०६ मध्ये स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर येथे जन्मलेला हा अभियंता पुढे 'मिनी' या गाडीमुळे जगप्रसिद्ध झाला. त्यांच्या कागदावरील रेखाटनांना यंत्ररूप देण्याचे काम जॅक डॅनियल्स यांनी, तर बॉडीचे काम रेग जॉब यांनी केले. एवढ्या लहान चमूने संपूर्ण गाडी उभी करावी, हे त्या काळीही विरळच होते.

पहिला नमुना १९४३ मध्ये तयार झाला. स्वतंत्र चॅसीऐवजी बॉडी आणि तळ एकसंध ठेवणारी मोनोकॉक रचना, पुढील चाकांना टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक अँड पिनियन स्टिअरिंग ही या आराखड्याची ठळक वैशिष्ट्ये. चाकेही अवघ्या १४ इंचांची होती. त्याआधीच्या मॉरिस एट गाडीची चाके १७ इंचांची होती. लहान चाकांमुळे आतील जागा वाढली. इंजिन बरेच पुढे सरकवल्याने प्रवाशांना ऐसपैस बसता आले. शिवाय पुढच्या चाकांवर भार राहून गाडी रस्त्यावर स्थिर धावू लागली. हेडलाइट मात्र खाली, जाळीतच बसवलेले होते. मागील चाकांनाही स्वतंत्र सस्पेन्शन द्यावे असा इसिगोनिस यांचा विचार होता. तो सोडून द्यावा लागला आणि मागे नेहमीचा सरळ आस व पाट्यांच्या स्प्रिंगाच राहिल्या.

खरी तडजोड इंजिनात झाली. नमुन्यासाठी 'फ्लॅट फोर' इंजिन आखले होते, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन सिलिंडर आडवे. यामागे ब्रिटनमधील कराचे गणित होते. तेथील अश्वशक्ती कर सिलिंडरच्या व्यासावर आकारला जाई. त्यामुळे देशात विकण्यासाठी ८०० सीसी आणि निर्यातीसाठी ११०० सीसी अशी एकाच इंजिनाची दोन रूपे ठेवण्याचा बेत होता. जानेवारी १९४८ पासून हा कर जाऊन त्याऐवजी सरसकट १० पौंडांचा कर लागू झाला आणि दुहेरी इंजिनाचे प्रयोजनच उरले नाही. खर्चाचा प्रश्न तर होताच. अखेर मॉरिस एटचे ९१८ सीसीचे जुने साइड-व्हॉल्व्ह इंजिन या नव्या देहात बसवण्यात आले. गाडी रस्ता उत्तम धरते, पण इंजिन तिला शोभत नाही, ही टीका पुढे अनेक वर्षे होत राहिली. ती अस्थानी नव्हती.

आता त्या पट्टीविषयी. १९४७ च्या अखेरीस, उत्पादनाची तयारी बरीच पुढे गेलेली असताना, गाडी फार अरुंद दिसते असे इसिगोनिस यांच्या मनाने घेतले. त्यांनी कारागिरांना नमुना उभा चिरून त्याचे दोन भाग करायला सांगितले. दोन्ही अर्धुके हळूहळू दूर सरकवीत, प्रमाण डोळ्यांना पटेल तेथे ती थांबवली. अंतर भरले चार इंच. ५७ इंचांची गाडी ६१ इंचांची झाली. तळात, मधल्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन इंचांच्या पट्ट्या जोडाव्या लागल्या आणि बॉनेटवर ती प्रसिद्ध सपाट पट्टी आली. बंपर आधीच तयार होऊन पडले होते. ते मधोमध कापून मध्ये चार इंचांचा तुकडा बसवण्यात आला. सुरुवातीच्या गाड्यांवर तो जोड स्पष्ट दिसतो. कारखान्याच्या हिशेबनिसांना हा खटाटोप रुचला असेल असे नाही, पण गाडीला बसका, ठाम डौल आला तो याच चार इंचांमुळे.

मालक लॉर्ड नफील्ड यांना मात्र ही गाडी कधीच भावली नाही. पाण्यात शिजवलेल्या अंड्यासारखी दिसते, अशी त्यांनी तिची संभावना केली. मॉरिस एटच पुढे चालवावी, असे त्यांचे मत होते. माइल्स थॉमस यांनी तर मतभेदांमुळे नोव्हेंबर १९४७ मध्ये कंपनीच सोडली. 'मॉस्किटो' हे नावही मागे पडले आणि १९२८ मधील एका जुन्या मॉरिस गाडीचे 'मायनर' हे नाव नव्या गाडीला मिळाले. करासह तिची किंमत सुमारे ३५८ पौंड होती.

नमुन्यातील आणखी एक गोष्ट लवकरच गेली. जाळीतील दिवे अमेरिकेतील उंचीच्या नियमांत बसेनात, म्हणून १९४९ पासून तिकडे जाणाऱ्या गाड्यांचे दिवे वर, मडगार्डवर चढले आणि १९५१ पर्यंत सर्वच मायनर तशा झाल्या. टाकून दिलेल्या फ्लॅट फोरचा मात्र अप्रत्यक्ष लाभ झाला. त्याच्यासाठी रुंद ठेवलेल्या कप्प्यात नवी इंजिने सहज मावली : १९५२ मध्ये ८०३ सीसी, १९५६ मध्ये ९४८ सीसी आणि १९६२ मध्ये १०९८ सीसी. त्या बळावर ही गाडी १९७१ पर्यंत उत्पादनात टिकली.

भारतात कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने मायनरवर आधारित 'बेबी हिंदुस्थान' बनवली. त्याच कंपनीच्या अॅम्बेसेडरला अनेकजण मायनरचीच थोरली आवृत्ती समजतात, ते बरोबर नाही; तिचा आधार मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ हा होता. पुढे टॉर्शन बार आणि रॅक अँड पिनियन ही जोडी मात्र दोहोंत समान. २०१४ मध्ये अॅम्बेसेडरचे उत्पादन थांबेपर्यंत ती भारतीय रस्त्यांवर उतरत होती.