बापाची टाकी, लेकाची माती

नव्या फिश टँकमध्ये पहिल्याच महिन्यात मासे मरतात, तेव्हा पाणी बहुतेक वेळा नितळ असतं. मारतो अमोनिया, आणि त्याला रंग नसतो. हे कळायला खूप वर्षं गेली. त्या शोधाचे दोन महत्त्वाचे तुकडे एकाच घरातले आहेत, आणि मला ती गोष्ट फार आवडते.

बाप रॉबर्ट वॉरिंग्टन, लंडनच्या सोसायटी ऑफ अपॉथिकरीजमधला रसायनतज्ज्ञ. १८४९ मध्ये त्याने १२ गॅलनचं काचेचं भांडं अर्धं भरलं. तळाशी वाळू, चिखल, चुनखडीचे दगड. वर व्हॅलिस्नेरियाचं रोप आणि दोन लहान गोल्डफिश. रोप ऑक्सिजन देईल, मासे कार्बन डायऑक्साइड देतील, पाणी बदलायला नको, असा हिशेब. पण पानं कुजून पाणी गढूळ झालं. मग त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. १८५३ मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं.

त्याच्या हिशेबात माशाचा श्वास होता, पण मासा कल्ल्यांतून सतत सोडतो तो अमोनिया नव्हता. थोडा रोपाने घेतला असणार. बाकीचा? त्याची सोय वॉरिंग्टनने नकळत तळाशीच करून ठेवली होती.

मुलगाही रॉबर्टच, तेव्हा अकराच्या आसपासचा. पुढे तो रोथमस्टेडच्या शेती प्रयोगशाळेत गेला. प्रश्न खताचा होता, माशांशी संबंध शून्य. १८७७ मध्ये पॅरिसला श्लोसिंग आणि म्युंत्झ यांनी सांडपाणी वाळूतून झिरपवलं, तर अमोनियाचा नायट्रेट झाला. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम बंद. म्हणजे हे करणारं काहीतरी जिवंत होतं. धाकट्या वॉरिंग्टनने ते मातीत पडताळलं आणि पुढे दाखवलं की पायऱ्या दोन आहेत: आधी नायट्राइट, मग नायट्रेट, आणि प्रत्येकीचे जिवाणू वेगळे. ते वेगळे काढणं मात्र त्याला जमलं नाही. हे जिवाणू नेहमीच्या जिलेटिनवर वाढतच नाहीत. त्यांचं पोट अमोनियावर चालतं. झ्युरिकमध्ये विनोग्राद्स्कीने १८९० मध्ये ते ओळखून त्यांना पकडलं.

आज आपण 'टँक सायकल करणं' म्हणतो ते हेच. जिवाणूंची वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. मी रिकाम्या टाकीत रोज अमोनियाचे थेंब टाकायचो आणि घरचे विचारायचे, मासे कुठेत? पण घाई केली की किंमत मासे मोजतात. त्यात पीएच ७ चा ८ झाला, तर तेवढ्याच अमोनियातला विषारी अंश सुमारे दहापट होतो. 'दर आठवड्याला सगळं पाणी काढा, फिल्टर नळाखाली घासून धुवा' हा सल्ला दुकानांत अजून मिळतो. नळाच्या क्लोरीनने ती वस्तीच मरते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. फिल्टर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळला की पुरे.

धाकट्या वॉरिंग्टनच्या सिद्धांताला पुढे एक दुरुस्ती झाली, तीही माशांमुळेच. २०१५ मध्ये मत्स्यपालनाच्या एका फिल्टरमधून नायट्रोस्पायरा गटातले असे जिवाणू मिळाले, जे दोन्ही पायऱ्या एकटेच उरकतात.