रेडी : खाण, बंदर आणि निसर्गपर्यटन

रेडी : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यातील, गोव्याच्या हद्दीलगतचे किनारी गाव. लोहखनिजाच्या खाणी, ते परदेशी पाठवणारे बंदर, यशवंतगड आणि द्विभुज गणपती यांसाठी प्रसिद्ध. चालुक्यकालीन रेवतीद्वीप ते हेच, असे मानले जाते. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा ठरला, तेव्हापासून खाणपट्ट्यालाही पर्यटनाचा उतारा सुचवला जातो. उतारा योग्य आहे. क्रम मात्र चुकतो.

दाखला बहुधा परदेशातला असतो. नामिबियातील ओरान्येमुंड हे हिऱ्यांसाठी 1936 मध्ये वसवलेले समुद्रकाठचे कंपनी-शहर 2017 पर्यंत परवान्याशिवाय कोणाला पाहता येत नसे. हिरे चोरीला जाऊ नयेत म्हणून घातलेल्या बंदीने भोवतालचे वाळवंट आपसूक राखले गेले, आणि 2008 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. रेडीला असे फाटक कधीच नव्हते. माडांची बागायत, वाडी आणि खाण इथे एकमेकांना खेटून आहेत. डंपरची तांबडी धूळ थेट अंगणात उतरते. गावचे मोठे आकर्षणही खाणीचीच देणगी : द्विभुज गणेशमूर्ती 1976 मध्ये खाणीच्याच जागेत सापडली. म्हणजे इथे राखीव निसर्ग दाखवायचा नसून उकरलेला निसर्ग आधी सावरायचा आहे.

पर्यटनाची कमाई हंगामी, खाणीच्या पगाराला पुरी न पडणारी, हा आक्षेप रास्त आहे. पण पावसाळ्यात थंडावणारे बंदर आणि परदेशातल्या भावावर हलणारी खनिजाची मागणी यांना बारमाही कोण म्हणेल? शिवाय याच तालुक्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या महिला कांदळवन सफर चालवतात. तिथे खाडी शाबूत होती, हे विसरू नये. कारखाना गेला तर दुसरा येईल, हाही युक्तिवाद ऐकू येतो. रसायनी-मोहोपाड्यात हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा प्रकल्प गुंडाळण्याचा निर्णय 2017 मध्ये झाला, तेव्हा सपाट जमिनीला दुसरी सरकारी कंपनी गिऱ्हाईक मिळाली. खाणीच्या खड्ड्याला असे गिऱ्हाईक मिळत नाही. तो भरणे, उतार बांधणे, झाडोरा लावणे आणि विहिरींचे पाणी तपासत राहणे ही कामे न्याहारी-निवास योजनांच्या आधीची आहेत. त्यांसाठी खाण बंद करण्याचा आराखडा आणि आर्थिक हमी देण्याचे कायदेशीर बंधन पर्यटन खात्यावर नसून खाणपट्टाधारकावर आहे.